तेरेखोलच्या दोन काठांवरील ग्रंथालये आणि ग्रंथालय संघाचे कार्य

सह्याद्रीत उगम पावून बांदा, सातार्डा, आरोंदा असा प्रवास करीत आलेली तेरेखोल नदी सागराला मिळण्यापूर्वी दोन राज्यांची सीमा बनते. दक्षिण तीरावर गोव्याचा पेडणे तालुका आणि उत्तर तीरावर महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा, अशी ही सरळ विभागणी आहे. तिला अपवाद खुद्द तेरेखोल गावाचाच. हा गाव गोव्याचा. परंतु तो वसला आहे नदीच्या उत्तर तीरावर. पंचायत केरी-तेरेखोल अशी संयुक्त असल्याने ग्रामस्थाला कामकाजासाठी फेरीबोटीने केरीस उतरावे लागते. रस्त्याने जोडलेला शेजार मात्र रेडी-शिरोड्याचा, म्हणजे दुसऱ्या राज्याचा.

इतिहास पाहिला तर ही सीमा फार पुरातन नाही. येथील किल्ला सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी उभारला. 1746 मध्ये तो पोर्तुगीजांनी जिंकून घेतला आणि 1788 मध्ये संपूर्ण पेडणे महाल त्यांच्या अमलाखाली गेला. 15 ऑगस्ट 1954 रोजी याच किल्ल्यावर सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला आणि 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. राज्यकर्ते पालटले, तरी दोन्ही काठांवरील मराठी वाचनाची परंपरा खंडित झाली नाही. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांचा जन्म 1714 मध्ये नदीच्या वरच्या अंगास असलेल्या बांदा येथे झाला. आज त्यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय नदीच्या अलीकडे, पेडणे तालुक्यातील विर्नोडा येथे आहे. वाचकाच्या दृष्टीने हा एकच प्रदेश होय. ग्रंथालयांच्या दृष्टीने मात्र तो एक नाही, आणि या लेखाचा विषय तेथूनच सुरू होतो.

कोणतेही ग्रंथालय, मग ते कितीही संपन्न असो, आपल्या वाचकाची प्रत्येक मागणी स्वतःच्या कपाटांतून पुरी करू शकत नाही. मोठ्या शहरातील ग्रंथालयाची ही स्थिती, तर दोन-तीन हजार पुस्तकांच्या खेड्यातील वाचनालयाची गोष्ट वेगळी सांगावयास नको. एखाद्या माध्यमिक शिक्षकाला कोकणातील जलदुर्गांवरील जुना ग्रंथ हवा असतो. शेतकऱ्याला काजूवरील रोगासंबंधीची पुस्तिका हवी असते. स्पर्धा परीक्षेस बसणाऱ्या मुलीला यंदाच्याच आवृत्तीची गरज असते. गावच्या वाचनालयात यांपैकी एखादेच पुस्तक सापडते, आणि पुष्कळदा तेही नाही. ग्रंथालयशास्त्राचे भारतीय प्रणेते डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये जे पाच सिद्धांत मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असे दोन सिद्धांत आहेत. एकट्या वाचनालयाला हे दोन्ही साधणे अशक्य असते. अनेक ग्रंथालयांनी एकत्र येऊन आपली पुस्तके, आपला अनुभव आणि आपली मागणी एका सूत्रात गुंफली, तरच ते काही अंशी साध्य होते. या एकत्र येण्यास कोणी संघ म्हणतात, कोणी जाळे म्हणतात, तर विद्यापीठांच्या क्षेत्रात त्यास कन्सॉर्टियम अशी संज्ञा रूढ झाली आहे. नावे भिन्न असली तरी मूळ कल्पना एकच आहे.

या कल्पनेला मूर्त रूप देण्याचे दोन वेगळे मार्ग तेरेखोलच्या दोन काठांवर पाहावयास मिळतात.

गोव्याचा मार्ग शासकीय मध्यवर्ती ग्रंथालयाचा आहे. 15 सप्टेंबर 1832 रोजी पणजीत सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले. सत्तांतरे झाली, नावे आणि जागा बदलल्या, तरी ही संस्था अखंड चालत आली. आज ती पाटो येथील प्रशस्त वास्तूत कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय या नावाने ओळखली जाते. कृष्णदास शामा हे सोळाव्या शतकातील, केळशीचे ग्रंथकार. त्यांनी आपल्या ओवीबद्ध कृष्णचरित्राचा आरंभ 1526 मध्ये केला. 1993 च्या गोवा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने राज्यातील ग्रंथालय-व्यवस्थेला कायद्याचे अधिष्ठान दिले. मध्यवर्ती ग्रंथालय, दक्षिण गोव्यासाठी नावेली येथील डॉ. फ्रान्सिश्कु लुइश गोम्स जिल्हा ग्रंथालय, तालुका ग्रंथालये आणि त्यांखाली ग्रामीण ग्रंथालये अशी ही उतरंड आहे. पेडणे व डिचोली येथील तालुका ग्रंथालये याच मालिकेतील होत. या पद्धतीत कर्मचारी शासनाचे असतात. त्यांचे वेतन वाचनालयाच्या वर्गणीवर अवलंबून राहत नाही. लहान ठिकाणच्या ग्रंथपालास वरिष्ठ ग्रंथालयाकडे तांत्रिक साहाय्यासाठी बोट दाखविता येते, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ आहे. पंचायती व स्वयंसेवी संस्था यांनी चालविलेल्या ग्रंथालयांनाही साहाय्य देण्याची व्यवस्था आहे.

महाराष्ट्राचा मार्ग निराळा आहे. तेथे ग्रंथालये आधी जन्मास आली आणि कायदा मागाहून आला. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, तर सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर 1852 चे. बांद्याचे नट वाचनालय, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय या संस्थाही गावकऱ्यांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून वाढलेल्या आहेत. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. भारतातील असा पहिला कायदा म्हणून त्याचा उल्लेख होतो. तत्पूर्वी 1939 मध्ये मुंबई सरकारने ए. ए. ए. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. समितीने 1940 मध्ये सादर केलेल्या अहवालात मध्यवर्ती, विभागीय, जिल्हा, तालुका, पेटा आणि ग्राम अशी सहा पायऱ्यांची योजना सुचविली. नवीन शासकीय ग्रंथालये सर्वत्र उघडण्याऐवजी अस्तित्वात असलेल्या लोकसंस्थांनाच मान्यता व अनुदान द्यावे, ही त्या योजनेतील दृष्टी पुढे 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमातही टिकून राहिली. मद्रास राज्याने 1948 मध्ये आणि कर्नाटकाने 1965 मध्ये जे कायदे केले, त्यांत ग्रंथालय-कर आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तो नाही. येथे शासन अनुदान देते, तपासणी करते. मालकी आणि कारभार मात्र संस्थेकडेच राहतो.

आता हजारो स्वतंत्र संस्था आणि एक शासकीय विभाग यांच्यामध्ये कोणीतरी दुवा असावा लागतो. तो दुवा म्हणजे ग्रंथालय संघ. जिल्ह्याचा जिल्हा ग्रंथालय संघ, त्यावर विभागाचा संघ आणि सर्वांवर महाराष्ट्र राज्य ग्रंथालय संघ अशी त्याची रचना आहे. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. त्यानंतर येथील वाचनालयांचा स्वतंत्र जिल्हा संघही कार्यरत झाला.

संघ नेमके काय करतो?

असा प्रश्न सभासद वाचनालयांचे कार्यकर्तेही कधी कधी विचारतात. वार्षिक अधिवेशन भरते, ठराव होतात, पाहुण्यांची भाषणे होतात, एवढेच अनेकांच्या दृष्टीस पडते. वस्तुतः संघाचा खरा उपयोग व्यासपीठावर दिसत नाही. तो मार्च महिना संपल्यावर, वाचनालयाच्या चिटणीसासमोर वार्षिक अहवालाचे कोरे कागद पडलेले असतात, तेव्हा दिसतो.

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयाला शासनाची मान्यता व अनुदान 1970 च्या नियमांनुसार मिळते. त्यासाठी संस्था 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असावी लागते. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास यांवरून ग्रंथालयाचा अ, ब, क किंवा ड वर्ग ठरतो. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, ग्रंथनोंदवही अद्ययावत ठेवावी लागते, खरेदीची देयके सांभाळावी लागतात. कार्यकारी मंडळात बदल झाला तर त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करावी लागते. ही शेवटची बाब किरकोळ वाटते. परंतु अध्यक्ष दिवंगत झाले, चिटणीस नोकरीनिमित्त मुंबईस गेले आणि बदलाची नोंद मात्र वर्षानुवर्षे झाली नाही, अशा कारणाने चांगल्या वाचनालयांचे व्यवहार अडून बसतात. बँकेतील सही कोणाची, यावरूनच वाद उद्भवतो.

खेड्यातील कार्यकर्ता हा बहुधा शिक्षक, निवृत्त पोस्टमास्तर किंवा दुकानदार असतो. त्याच्यापाशी कळकळ असते, कायद्याचे ज्ञान नसते. अशा वेळी संघाचा अनुभवी कार्यकर्ता त्याच्या शेजारी बसून कागद भरून देतो, कोणत्या रकान्यात काय लिहावयाचे ते समजावतो, तपासणीच्या आधी उणिवा दाखवितो. चार वाचनालयांनी मिळून एकाच हिशेब-तपासनिसाकडे काम सोपविले, तर प्रत्येकाचा खर्च कमी येतो. ही मदत कोणत्याही अहवालात ठळकपणे नोंदली जात नाही. तथापि तिच्या अभावी पुष्कळ ड वर्गाची वाचनालये कागदावरच मृत झाली असती.

ड वर्गाचा उल्लेख आला म्हणून त्याच्या अर्थकारणाकडेही पाहणे आवश्यक आहे. 2012 नंतर ड वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 30,000 रुपये होते. त्यातील निम्मी रक्कम वेतनासाठी धरली, तर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला 1,250 रुपये पडत. 2022-23 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. त्या हिशेबाने वार्षिक रक्कम 48,000 रुपये आणि वेतनाचा वाटा महिन्याला 2,000 रुपये येतो. हे अनुदान एकरकमी न मिळता हप्त्यांनी मिळते. दरम्यानच्या महिन्यांत ग्रंथपाल बिनवेतन दार उघडतो, झाडतो, पुस्तके देतो, घेतो. ग्रंथालय चळवळीच्या गौरवाचे भाषण करणाऱ्याने ही आकडेवारी अवश्य जवळ ठेवावी. अनुदानवाढीची मागणी कोणा एकट्या वाचनालयाने केली असती तर ती कपाटातच राहिली असती. ती वर्षानुवर्षे लावून धरण्याचे काम संघांनी केले, आणि कायद्याने राज्य ग्रंथालय परिषदेत संघांना प्रतिनिधित्व दिलेले असल्याने तिला योग्य स्थळी वाचा फुटली.

संघाचे दुसरे कार्य प्रशिक्षणाचे. खेड्यातील ग्रंथपालाने पदवी घेण्यासाठी शहरात जावे ही अपेक्षा व्यवहार्य नाही. म्हणून ग्रंथालय संचालनालयाच्या देखरेखीखाली जिल्हा संघांमार्फत ग्रंथपालनाचे प्रमाणपत्र वर्ग चालविले जातात. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुण-तरुणींना वर्गीकरण, तालिकीकरण, ग्रंथांची निगा आणि दप्तर यांचे प्राथमिक ज्ञान त्यांत मिळते. पुस्तकाला दशांश वर्गीकरणाचा क्रमांक देणे हे वरवर यांत्रिक काम दिसते. परंतु ज्या वाचनालयात सर्व कादंबऱ्या लेखकाच्या नावाने, सर्व शेतीविषयक पुस्तके एका ठिकाणी आणि सर्व स्थानिक इतिहास एका फळीवर लावलेला असतो, तेथे नवखा वाचकही हात घालून पुस्तक काढू शकतो. कोकणातील ग्रंथपालास आणखी एक विद्या यावी लागते, ती म्हणजे पावसाळ्यात पुस्तके जगविण्याची. दमट हवा, बुरशी, कसर आणि वाळवी ही येथील ग्रंथांची चार शत्रुत्वे आहेत. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, खालची फळी जमिनीपासून उंच ठेवणे, उघडीप पडताच पुस्तके वारा लागेल अशी उभी करणे, कडक उन्हात मात्र न टाकणे, हे शिक्षण छापील पुस्तकापेक्षा शेजारच्या गावच्या अनुभवी ग्रंथपालाकडून अधिक लवकर मिळते. अशा देवघेवीसाठीही संघच निमित्त होतो.

तिसरे कार्य ग्रंथखरेदीचे. एका वाचनालयाने दहा पुस्तके मागविली तर त्याला सवलत अल्प मिळते आणि वाहतुकीचा भार जास्त पडतो. वीस वाचनालयांनी एकत्र मागणी केली की प्रकाशकाशी बोलणी करता येतात. या बाबतीत बडोदे संस्थानाचा दाखला आजही मननीय आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये अमेरिकेतील ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. खेड्यांसाठी फिरत्या ग्रंथपेट्या सुरू केल्या. पुढे मोतीभाई अमीन यांच्या पुढाकाराने 1920 च्या दशकात तेथे ग्रंथालयांसाठी सहकारी मंडळ उभे राहिले. ग्रंथालयांना लागणाऱ्या पुस्तकांचा व साहित्याचा पुरवठा हे त्याचे काम होते. साखर कारखान्यात आणि दूध संघात जे सहकाराचे तत्त्व लोकांनी पुढे पाहिले, ते ग्रंथालयांनी त्याआधीच आचरणात आणले होते, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते.

ग्रंथभेटीच्या बाबतीत राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाचाही उल्लेख करावयास हवा. 1972 मध्ये, राममोहन रॉय यांच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने, केंद्र शासनाने कोलकाता येथे हे प्रतिष्ठान स्थापन केले. राज्याच्या वाट्याशी आपला वाटा जोडून ते ग्रंथ पुरविते. इमारत, साधनसामग्री व बालविभाग यांसाठीही त्याच्या योजना आहेत. त्यांची माहिती वेळेवर मिळणे आणि अर्ज नमुन्याप्रमाणे जाणे, हे लहान संस्थेला संघाच्या आधाराशिवाय अवघड जाते.

केरळातील उदाहरण

संघशक्तीचे सर्वांत बोलके उदाहरण केरळातील आहे. पु. ना. पणिक्कर या शिक्षकाने 1945 मध्ये अंबलप्पुळा येथे त्रावणकोर संस्थानातील 47 ग्रंथालयांना एकत्र आणून संघ स्थापन केला. तो वाढत वाढत संपूर्ण केरळाचा ग्रंथशाला संघ झाला आणि साक्षरतेच्या कार्याचा पाया ठरला. 1977 मध्ये शासनाने तो ताब्यात घेतला. पुढे 1989 च्या कायद्याने तेथे ग्रंथालय परिषद निर्माण केली आणि सभासद ग्रंथालयांतून निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे कारभार सोपविला. पणिक्कर यांचा स्मृतिदिन, 19 जून, हा वाचनदिन म्हणून पाळला जातो. शिक्षक वाचकांनी हे ध्यानी घ्यावे की या कार्याचा प्रारंभ कोणा मंत्र्याने किंवा अधिकाऱ्याने केलेला नव्हता.

परदेशात पाहिले तर अमेरिकेच्या ओहायो राज्यातील 54 महाविद्यालयांनी 1967 मध्ये एकत्र येऊन संगणकाच्या साहाय्याने सामायिक तालिका तयार करण्याचे ठरविले. एका ग्रंथपालाने पुस्तकाची नोंद केली की तीच नोंद उरलेल्या 53 जणांनी वापरावयाची, असा तो साधा विचार होता. त्यातूनच पुढे जगभरच्या ग्रंथालयांची प्रचंड संयुक्त सूची निर्माण झाली. भारतात 1988 मध्ये दिल्लीत ‘डेलनेट’ने ग्रंथालयांतर्गत देवघेवीचे असेच कार्य सुरू केले. संगणक-प्रणालीचा खर्च हे कारण आता पुढे करता येत नाही. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ प्रणाली शासकीय ग्रंथालयांना विनामूल्य उपलब्ध आहे. ‘कोहा’ ही प्रणाली तर न्यूझीलंडमधील एका ग्रामीण ग्रंथालय-विश्वस्त मंडळासाठी तयार झाली, 2000 च्या आरंभी वापरात आली आणि जगाला मोफत देण्यात आली. ‘कोहा’ या शब्दाचा तेथील माओरी भाषेतील अर्थच मुळी भेट असा आहे.

महाविद्यालयांच्या क्षेत्रात या सहकार्याने फार मोठा पल्ला गाठला आहे. गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने 2010 मध्ये ‘एन-लिस्ट’ योजना सुरू केली. तीमुळे अल्प वार्षिक शुल्कात महाविद्यालयांना हजारो नियतकालिके आणि लक्षावधी ग्रंथ संगणकावर वाचता येऊ लागले. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली; 2025, 2026 व 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद करून, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना खुली करण्याचे ठरले. विर्नोडा किंवा साखळी येथील शासकीय महाविद्यालयांसारख्या ग्रामीण भागातील संस्थांना अशी योजना विशेष मोलाची आहे, कारण यांतील एकेका नियतकालिकाची वर्गणी त्यांना स्वबळावर भरणे दुरापास्त ठरले असते.

परंतु ही सुविधा विद्यार्थी व अध्यापक यांच्यापुरतीच आहे. महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेरचा शेतकरी, गृहिणी, निवृत्त कर्मचारी यांच्यासाठी तिचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी खरगपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने उभारलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय आहे. ते 2018 मध्ये 19 जून रोजी, म्हणजे पणिक्कर यांच्या स्मृतिदिनीच, राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्याचा वापर निःशुल्क आहे. मात्र भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर म्हाताऱ्या माणसाने तीनशे पानांचा ग्रंथ वाचावा, ही कल्पना सांगण्यास सोपी आहे. कागदावरच्या मराठी पुस्तकाची गरज अजून तरी कमी झालेली नाही.

नदीवर थांबणारा कायदा

आता पुन्हा तेरेखोलकडे येऊ. वर वर्णिलेल्या दोन्ही व्यवस्था आपापल्या ठिकाणी उपयुक्त आहेत. पण त्यांची सांगड कोठेही घातलेली नाही. गोव्याचा अधिनियम नदीच्या अलीकडे थांबतो, महाराष्ट्राचा पलीकडे. (तेरेखोल गावापुरता तो नदी ओलांडतो, हा या भूगोलाचा विनोद.) पूर्वेकडे बेळगावास गेले तर तेथील 1848 चे मराठी सार्वजनिक वाचनालय तिसऱ्याच राज्यात आहे. एका भाषेचे वाचक असे तीन कायद्यांत वाटले गेले आहेत. सावंतवाडीच्या जुन्या संग्रहात पेडणे महालाच्या इतिहासाला उपयोगी पडेल असा ग्रंथ असू शकतो. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील जुन्या वृत्तपत्रांत दक्षिण कोकणाच्या अभ्यासकाला हवी ती नोंद मिळू शकते. दोघांनाही एकमेकांकडे काय आहे ते ठाऊक नसते.

दोषही सांगितले पाहिजेत. संघ ही स्वेच्छेने चालणारी संस्था असल्याने तिची कार्यक्षमता पदाधिकाऱ्यांच्या उत्साहावर अवलंबून राहते. एखाद्या जिल्ह्यात ती सतत धावपळ करते, तर एखाद्या ठिकाणी अधिवेशनापुरतीच जागी होते. अ वर्गाच्या मोठ्या ग्रंथालयांचा आवाज मोठा आणि ड वर्गाचा क्षीण, असेही घडते. 2012 मध्ये महाराष्ट्रातील ग्रंथालयांची महसूल यंत्रणेमार्फत पडताळणी झाली, तेव्हा काही संस्था केवळ फलकापुरत्या असल्याचे आढळले, आणि त्यानंतर नवीन मान्यता अनेक वर्षे थांबल्या. ज्यांनी प्रामाणिकपणे नवे वाचनालय काढले त्यांनाही त्याची झळ लागली. आपल्या सभासदांचे दप्तर खरे आहे की नाही हे संघाने वेळीच पाहिले असते, तर हा प्रसंग काहीसा टळला असता. गोव्याच्या पद्धतीत हा धोका कमी. परंतु तेथे उलट अडचण अशी की ग्रंथालय शासनाचे म्हणून ग्रामस्थ अलिप्त राहतात. वर्गणी भरणाऱ्या माणसाला वाचनालय आपले वाटते, आणि कार्यकारी मंडळाच्या सभेत तो पुस्तकांच्या निवडीवरून तावातावाने भांडतो. हे भांडणही संस्थेला जिवंत ठेवते.

दोन राज्यांच्या कायद्यांत बदल होण्याची वाट न पाहता ग्रंथालयांतर्गत देवघेव सुरू करता येण्याजोगी आहे. तिची रीत अवघड नाही. वाचकाने आपल्या वाचनालयात मागणी-चिठ्ठी द्यावयाची. ग्रंथपालाने संयुक्त सूची पाहून पुस्तक कोठे आहे ते शोधावयाचे आणि दुसऱ्या ग्रंथालयास आपल्या संस्थेच्या नावाने मागणी करावयाची. पुस्तक वाचकाला नव्हे, तर संस्थेला उसने दिले जाते. म्हणून ते हरवल्यास भरपाईची जबाबदारीही मागणाऱ्या संस्थेची असते. मुदत, परत पाठविण्याचा खर्च आणि दुर्मिळ ग्रंथ बाहेर न देण्याची अट एवढ्या तीन गोष्टी आधी लेखी ठरवाव्यात. तोंडी व्यवहारावर अशी योजना पहिल्या हरवलेल्या पुस्तकापर्यंतच टिकते. जेथे ग्रंथ बाहेर देणे शक्य नसेल, तेथे शेजारच्या संस्थेच्या वाचकाला ओळखपत्रावर वाचनकक्षात बसू द्यावे. तेरेखोल व केरी परिसरातील शाळांसाठी ठरावीक मुदतीची ग्रंथपेटी ठेवता येईल. बडोद्यात शंभर वर्षांपूर्वी जे जमले, ते फेरीबोटीतून नेण्यास आज अडचण पडू नये.

या सर्वांच्या मुळाशी संयुक्त सूची आहे, आणि तिचा आरंभ पूर्ण संग्रहापासून करण्याची आवश्यकता नाही. पेडणे, डिचोली, सावंतवाडी व वेंगुर्ले या चार तालुक्यांतील ग्रंथपालांनी प्रथम आपल्याकडील केवळ स्थानिक विषयांवरील पुस्तके निवडावीत: गावांचे इतिहास, देवस्थानांची माहितीपुस्तके, शाळांचे स्मृतिग्रंथ, दशावतार व लोककलांवरील लेखन, स्थानिक लेखकांच्या कृती. अशी पुस्तके थोड्याच प्रती निघून संपतात, आणि त्यांची प्रत कोठे शिल्लक आहे हे शोधण्यातच अभ्यासकाचे महिने जातात. प्रत्येक नोंदीत लेखक, ग्रंथनाम, प्रकाशनवर्ष, पृष्ठे आणि ग्रंथनोंदवहीतील दाखल क्रमांक असावा. पुस्तकाची स्थिती जीर्ण असल्यास तसा शेरा द्यावा. शाळांच्या मुख्याध्यापकांनी शालेय संग्रहातील अशा पुस्तकांची भर घालावी. यादीची एक प्रत स्वतःकडे, एक तालुका ग्रंथालयाकडे आणि एक नदीपलीकडील शेजारच्या वाचनालयाकडे ठेवावी. संगणक नसल्यास ती हाताने लिहिलेली असली तरी चालेल. मात्र अक्षर सुवाच्य असावे आणि दाखल क्रमांक गाळू नये.